जास्तीचं पाणी

"माझ्या छातीचं डॉक्टर बघतील. तू माझ्या वडाचं बघ," श्रीनिवास म्हणाला आणि गच्चीची किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आणि कुमुदवहिनी पुण्याला निघणार होते. बायपास ठरली होती. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला निघालेला माणूस, पण स्वतःबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मला प्रत्येक कुंडीपाशी उभं करून बजावत होता. नेच्यांना उन्हाची तिरीपसुद्धा लागू द्यायची नाही. अँथुरियमच्या पानांवर सकाळी पाणी शिंपडायचं, दुपारी चुकूनही नाही. अडेनियमची माती पार कोरडी पडेपर्यंत तिकडं फिरकायचंसुद्धा नाही, ते तहानलेलंच बरं असतं. गुलाबांना आता खत नको, तो आल्यावर बघेल.

"आणि तू आलाच नाहीस तर?" मी चेष्टेनं म्हटलं.

"तर शेणखत घाल. रासायनिक नको," तो म्हणाला. हसलासुद्धा नाही.

श्रीनिवास तगारे आणि मी मिरजेच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं मी पाटबंधारे खात्यात चिकटलो आणि तो सांगलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागला. पण गावात त्याचं नाव झालं ते कॉलेजमुळं नाही, रविवारामुळं. रविवारी सकाळी विश्रामबागेतल्या त्याच्या घराच्या व्हरांड्यात माणसं आजारी कुंड्या घेऊन यायची. कुणाची तुळस वाळायची, कुणाच्या जास्वंदीवर पांढरा कापूस धरायचा, कुणाचा मोगरा नुसताच पानं काढत बसायचा. लोक त्याला तगारे सरांची ओपीडी म्हणायचे. तो झाडाला हात लावायच्या आधी माणसाला प्रश्न विचारायचा. कुठं ठेवता? ऊन कुठल्या बाजूनं येतं? पाणी कोण घालतं? सासूबाई पण घालतात का? मग कुंडी उपडी करून मुळं बघायचा, मातीचा वास घ्यायचा. कळलं नाही तर सरळ "मला माहीत नाही" म्हणायचा. झाडाच्या बाबतीत त्यानं कुणाला थाप मारलेली मी कधी ऐकली नाही. त्याचा तोच मोठेपणा होता.

मी दर रविवारी तिथं असायचो. कुंड्या उचलायला, माती चाळायला, आणि खरं सांगायचं तर त्याच्याजवळ बसायला. झाडांतलं मला जे काही कळतं ते सगळं त्यानंच शिकवलेलं.

गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एका दगडी कट्ट्यावर त्याचे दोन बोन्साय होते, वड आणि चिंच. वड आम्ही दोघांनी मिळून आणला होता. कॉलेजात असताना एका पडक्या विहिरीच्या भिंतीत तो उगवलेला दिसला. मी वर दोर धरून उभा राहिलो आणि हा खाली लोंबकळत चिरेतून एकेक मूळ सोडवत होता. "धर रे, सोडू नको!" म्हणून सारखा ओरडत होता. तो वड आता गुडघ्याएवढा झाला होता, पारंब्यांसकट. चिंच पराग जन्मला त्या वर्षी लावलेली. संध्याकाळी तिची इवली पानं मिटायची. श्रीनिवास ते बघायला म्हणून रोज वर जायचा.

पराग हा त्यांचा एकुलता एक. त्यानं नुकताच बांधकामाची कामं घ्यायचा धंदा सुरू केला होता. आईवडील पुण्याला असताना तो घरीच राहणार होता, पण झाडांशी त्याचं कधीच जमलं नाही, म्हणून किल्ली माझ्याकडं.

मी रोज ऑफिसच्या आधी जायचो. सांगितलं तसं सगळं करायचो. झाडं खूष होती. वडाला तर दोन नवी पानं फुटली, आणि ते कधी एकदा पुण्याला फोन करून सांगतो असं मला झालं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी गच्चीचं दार उघडलं तर कट्टा रिकामा.

आधी मला वाटलं, वाऱ्यानं पडले असतील. पण असल्या जड कुंड्या पडतील कशा? खाली माती नाही, पान नाही. ज्या जागी कुंड्या होत्या तिथं दगडावर दोन ओलसर चौकोन तेवढे उमटले होते. मी धावत खाली आलो. पराग आरशासमोर दाढी करत होता.

"पराग, वड कुठाय? चिंच कुठाय?"

त्यानं वस्तरा खाली ठेवला नाही. "मी दिली, काका."

"दिली म्हणजे?"

"कोल्हापूरला एका बिल्डरच्या बंगल्याची वास्तुशांत होती. मोठी पार्टी आहे, त्यांची पुढची सगळी कामं मला मिळण्यासारखी आहेत. त्यांच्या बायकोला असल्या झाडांचं वेड आहे. मागं घरी आल्या होत्या तेव्हा सारख्या त्या वडाभोवती घुटमळत होत्या. म्हटलं, भेट द्यायची तर अशी द्यावी."

"तुझ्या बापाची आहेत ती झाडं."

"बाबांकडं अजून शंभर कुंड्या आहेत."

"आजच्या आज परत आण."

आता तो वळला. गालावर साबण तसाच. "काका, दिलेली वस्तू परत मागायला गेलो तर मला कोण उभं करेल? काम तर जाईलच, वर गावभर नाव होईल."

"मग मी पुण्याला फोन करतो. सांगतो श्रीनिवासला."

"करा की," पराग म्हणाला. "उद्या ऑपरेशन आहे त्यांचं."

मी फोन केला नाही. मी करणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढच्या आठवड्यात कुमुदवहिनींचाच मला फोन आला. परागनं त्यांना सांगितलं होतं. त्या आधी थोडा वेळ नुसत्याच रडल्या.

"भाऊजी, डॉक्टर म्हणालेत, मनाला कसलाही धक्का बसता कामा नये. यांना कळलं की पोरानं असं केलं, तर..."

"वहिनी, घरी आल्यावर कट्टा बघतीलच की ते."

"म्हणून तर फोन केला. तुम्ही सांगा, तुमच्या हातून मेली म्हणून. पाणी जास्त झालं म्हणा, काहीही म्हणा. तुमच्यावर चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत, मग विसरतील. तुमचं त्यांचं काय आजचं आहे? पण पोराला ते माफ करायचे नाहीत. एका घरात राहून एकमेकांचं तोंड बघणार नाहीत हो. मी मधे मरून जाईन."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर तुम्ही हे कुणाला सांगायचं नाही. मला वचन द्या, भाऊजी."

मी दिलं. घरी येऊन नलिनीला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली आणि म्हणाली, "चांगुलपणा करताय खरा. पण खोटं बोलता तुम्हाला येतं कुठं?"

श्रीनिवास घरी आला तेव्हा अर्धा झाला होता. जिना चढायची मनाई होती. मी त्याच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, पराग औषधाची बाटली घेऊन खिडकीपाशी.

"वड कसा आहे?" त्याचा पहिला प्रश्न.

"श्री, माझ्या हातून चूक झाली," मी म्हणालो. "वड गेला. चिंच पण. पाणी जास्त झालं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग रविवारी कुणाला विचारावं तसं शांतपणे विचारायला लागला.

"आधी पानं पिवळी पडली का गळली?"

"पिवळी पडली. मग गळली."

"चिंचेची?"

"तिची पण."

"मुळं बघितलीस?"

"बघितली. कुजली होती."

"वडाची?"

"हो."

"वास येत होता?"

"येत होता."

"कुंड्या कुठायत?"

याचा मी विचारच केला नव्हता. "कुंड्या... फुटल्या. काढताना फुटल्या. टाकून दिल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यानं मान वळवून खिडकीकडं बघितलं. पराग बाटलीवरचं लेबल वाचत होता. श्रीनिवास त्याच्याकडं बघत राहिला, बराच वेळ. मग डोळे मिटून म्हणाला, "ठीक आहे. पाणी जास्त झालं."

मला वाटलं, निभावलं.

बरा झाल्यावर त्यानं रविवारची बैठक पुन्हा सुरू केली. पहिल्याच रविवारी व्हरांडा भरला होता. एक बाई मनीप्लांट घेऊन आल्या होत्या, त्याची पानं पिवळी पडत होती. श्रीनिवासनं कुंडीत बोट खुपसलं.

"चिखल केलाय तुम्ही, ताई. झाडाला मुळाशी पाणी लागतं तसा वाराही लागतो. असं बोट घालून बघायचं. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. रोज घालायचं म्हणून घालायचं नाही." मग त्यानं माझ्याकडं हात केला. "नाहीतर हे आमचे उपळेकर बघा. पाटबंधारे खात्यात आहेत, अख्ख्या जिल्ह्याच्या पाण्याचा हिशेब ठेवतात. आणि माझा वड यांनी पाण्यानं मारला."

सगळे हसले. मीही हसलो. परागही मागं दारात उभा होता, तोही हसला.

म्हटलं, एकदा राग निघाला, बरं झालं. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. कुणी पिवळं पान दाखवलं की माझं नाव निघायचं. फुलांच्या प्रदर्शनात भाषण केलं, त्यात मी. स्थानिक पेपरात कुंड्यांच्या निगेवर लिहायला लागला, तिथंही "माझे एक मित्र" म्हणून मीच, आणि तो मित्र कोण हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जास्त पाणी घालण्याला सांगलीतली झाडवाली माणसं उपळेकरी पाणी म्हणायला लागली. बँकेतला कारकून मला बघून म्हणाला, "काय साहेब, वडाचं काय म्हणतंय?" शेजारच्या बाई गावाला जाताना झाडांची सोय नेहमी आमच्याकडं करायच्या. त्या वर्षी त्यांनी झाडं दोन गल्ल्या पलीकडं नेऊन ठेवली, आणि आम्हाला दिसू नये म्हणून भल्या पहाटे नेली.

"तुम्ही गप्प का बसता?" नलिनी म्हणायची. "निदान रविवारी जाऊ तरी नका."

मी जायचा थांबलो. श्रीनिवासनं बोलावलं नाही. रस्त्यात भेटला तर मान हलवायचा. चाळीस वर्षांची मैत्री, पण त्याला काय किंवा मला काय, दोन वाक्यं पुढं बोलायला सुचायचं नाही.

पण एक सांगतो. त्या दिवसांत मी आतून कुठंतरी खूष होतो. लोक हसायचे तेव्हा मनात म्हणायचो, हसा. मित्राचा जीव राखायला मी हे झेलतोय, तुमच्यातला एक तरी झेलेल का? आरशात बघताना मला माझा चेहरा बरा वाटायचा. आपण आयुष्यात एक काम चांगलं केलं, ही गोष्ट मी जपून ठेवली होती.

चार-पाच वर्षांनी कुमुदवहिनी गेल्या. दिवस झाल्यावर मी एकटाच भेटायला गेलो. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं. श्रीनिवास व्हरांड्यात बसून एका वेलाला काठीचा आधार बांधत होता.

"ये, दिनकर," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्यानं मला नावानं हाक मारली होती.

वहिनींबद्दल बोलून झालं. मग मी घसा साफ केला. रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो.

"श्री, एक सांगायचं होतं. वहिनी होत्या तोवर बोलता येत नव्हतं."

"वडाचं?"

मी थबकलो.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. हातातली सुतळी त्यानं खाली ठेवली नाही. "वड पाण्यानं मरतो का रे? गटाराच्या कडेला उगवतो तो. महिनाभर पाण्यात बुडवून ठेवला असतास तरी पानं टाकून पुन्हा फुटला असता. हे मीच शिकवलंय तुला."

"कधीपासून माहीत आहे?"

"तू सांगत होतास तेव्हाच कळलं. कुंड्या फुटल्या म्हणालास तेव्हा तर खात्रीच झाली. चोरीला गेली असती तर तू तसं सरळ सांगितलं असतंस. मग घरात राहिलं कोण?" त्यानं सुतळी काठीभोवती गुंडाळली. "पुढं सहा महिन्यांत कोल्हापूरहून एक बाई आल्या, बंगल्यातली झाडं दाखवायला घेऊन गेल्या. जिन्याच्या तोंडाशी वड ठेवला होता. चिंच मेलेली, तशीच कुंडीत उभी. म्हणाल्या, तुमच्या मुलानं दिली, सर, जरा सांगा ना काय चुकलं. म्हणजे त्यांना वाटत होतं, मला माहीतच आहे. मी सांगितलं काय चुकलं ते. वडाला सकाळचं ऊन द्या म्हटलं, माळ्याला पाणी कसं घालायचं ते दाखवलं. चहा घेतला आणि एसटीनं परत आलो."

"त्यानंतरही तू..." मी म्हणालो. "त्यानंतरही रविवारी माझं नाव घेत होतास?"

"हो."

"का? नुसतं मेलं म्हणायचंस. विषय संपला असता."

"पराग दारात उभा असायचा," श्रीनिवास म्हणाला. "मी घरी आलो तेव्हा तो माझ्या नजरेला नजर द्यायलाच तयार नव्हता. जेवताना मान वर करायचा नाही. त्याला भीती, बाबांना कळलंय की काय. मी पहिल्यांदा तुझं नाव घेतलं आणि तो हसला, बघितलंस ना तू? त्या दिवशी तो माझ्या शेजारी जेवायला बसला. मग मला ते जमतच गेलं. मी जितकं तुझं नाव घ्यायचो, तितका तो मोकळा व्हायचा. आता रोज रात्री माझ्याजवळ येऊन बसतो. धंद्यातलं सांगतो."

"आणि मी?"

त्यानं सुतळीला गाठ मारली. "तू मित्र आहेस. तुला चालेल असं वाटलं."

"विचारलं असतंस तर चाललंही असतं."

वेलाचा शेंडा त्यानं काठीवर हळूच वळवून घेतला. बोटं इतकी हलकी, की पानाला कळू नये. ती बोटं बघत मी उभा राहिलो.

"रविवारी येत जा परत," तो म्हणाला. "आता नाही घेणार नाव. आता गरज नाही."

"बघतो," म्हणालो आणि निघालो.

घरी जाताना राग आला असं म्हणणार नाही. राग पुढं आला, पुष्कळ आला. त्या दुपारी फक्त एवढंच जाणवत होतं, की मी ज्याला माझं चांगलं काम समजत होतो ते माझं नव्हतंच. मी ते दिलं असं मला वाटत होतं. त्यानं ते माझ्याकडून कधीच काढून घेतलं होतं, आणि खर्चूनही टाकलं होतं, रोज थोडं थोडं. जो माणूस कुणाच्या तुळशीबद्दलही थाप मारायचा नाही, त्यानं वड पाण्यानं मरतो असं शेकडो लोकांना शिकवलं होतं. पेपरातसुद्धा छापून आणलं होतं.

मी पुन्हा गेलो नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी श्रीनिवास झोपेतच गेला. सगळं गाव लोटलं होतं. पेपरात त्याच्या बागेचे फोटो आले. मी दहाव्या दिवशी घरी गेलो, न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. पराग आता जाड झाला होता, कानाशी केस पांढरे. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागला. खरंच रडत होता. ते मला मान्य करायला पाहिजे.

"काका, तुमचे उपकार मी कधी फेडणार?" तो म्हणाला. "तेव्हा माझी अक्कल नव्हती. पण तुम्ही होतात म्हणून बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवूनच गेले ते. शेवटची वर्षं आमची इतकी चांगली गेली, काका. रोज गप्पा मारायचो आम्ही."

मी हात सोडवून घेतला.

"त्यांना माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"सगळं. मी सांगितलं त्याच दिवसापासून. कोल्हापूरला त्या बंगल्यावर जाऊन आले होते ते. तुझ्या जन्माच्या वेळची चिंच मेलेली बघून आले."

त्याचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. तो पलंगाच्या कडेवर बसला. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"मग मला कधी बोलले का नाहीत?" त्यानं विचारलं. "काका, मग एकदा तरी बोलले का नाहीत?"

का ते मला ठाऊक होतं. त्याच्या बापानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं होतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते त्या पोराला जन्मभर पुरलं असतं.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो, आणि चपला घालून बाहेर पडलो.